मेंदी लावून फिरणाऱ्या विजूताई

नेरूळच्या घरात आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी ते दोन्ही हातांनी बडवलं. उघडलं तर समोर एक उंच, सडसडीत बाई. अंगात जुना गाऊन, खांद्यावर फाटका टॉवेल, हातात प्लॅस्टिकचे मोजे आणि डोक्यावर डांबर ओतल्यासारखा काळा लेप. त्यातला एक ओघळ कपाळावरून भुवईपर्यंत आला होता.

"नळ गेला," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडं पाणी आहे? चटकन सांग, जास्त वेळ ठेवून चालत नाही हे."

सामान अजून खोक्यांत होतं, पण पाण्याचं पिंप मी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली. बाई माझ्या अंगावरून आत गेल्या. बाथरूम कुठं, हे विचारायची त्यांना गरज नव्हती, बिल्डिंगमधले सगळे फ्लॅट सारखेच. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज आला. मग केस पुसत, चालत चालतच त्या बाहेर आल्या.

"मी विजया जगताप. समोरच राहते. सगळे विजूताई म्हणतात. तू?"

"नीता."

"बरं, नीता, हे कुणाला सांगू नकोस."

"काय?"

"हेच. केसांचं."

जिन्यात दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. विजूताईंचा आवाज असा, की तळमजल्यावरही ऐकू गेला असणार. पण त्यांनी मला शपथ घातली, आणि मी ती घेतली.

आमची ओळख झाली ती अशी. पुढं सहासात वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो, पण विजूताई निवांत बसलेल्या मी क्वचितच पाहिल्या. चहा त्या उभ्यानं प्यायच्या, कप घेऊन या खोलीतून त्या खोलीत. वर्तमानपत्र चालता चालता वाचायच्या. दर महिन्या-दोन महिन्यांनी कपाटं आणि पलंग इकडचे तिकडे व्हायचे. आपण त्यांच्या घरी गेलो की आधी खुर्ची कुठं आहे ते शोधावं लागायचं. कुठलीही गोष्ट सांगून संपली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "बरं, पुढं काय?" लग्न ठरल्याची बातमी असो, की कुणी गेल्याची.

रबाळ्याला रबरी नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. बसून करायचं काम. त्यांनी त्यावरही उपाय काढला होता. कानाला लावायच्या यंत्राची वायर त्यांनी लांबलचक करून घेतली होती आणि दिवसभर त्या बोर्डाच्या मागेपुढे येरझाऱ्या घालत "एक मिनिट हं, जोडून देते" म्हणत असायच्या. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर यायची. पण थांब्यावर उभं राहणं त्यांना जमायचं नाही. त्या पुढच्या थांब्याकडं चालायला लागायच्या. ड्रायव्हर बिचारा रस्त्यात दिसतील तिथं गाडी थांबवून त्यांना घ्यायचा.

ही धावाधाव कशासाठी, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. माझं ऑफिस तेव्हा तुर्भ्याला होतं. एका सकाळी त्यांच्याबरोबर पुढच्या थांब्यापर्यंत चालताना त्यांनी आपण होऊनच सांगितलं.

साताऱ्याला त्या एका टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायच्या. तिथं सदाशिव जगताप नावाचा मुलगा शिकायला आला. लाजरा, मान खाली घालून बसणारा. विजूताईंपेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याची बोटं चुकायची आणि त्या ओरडायच्या. वर्षभरानं त्यानं मान वर केली आणि लग्नाचं विचारलं.

"मी त्याला म्हटलं, घरी काय सांगशील? म्हणाला, सांगतो काहीतरी. आणि लग्न झाल्यावर मला कळलं की मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे!"

एवढं बोलून त्या हसल्या, पण चाल वाढवली. तिशीतच त्यांचे केस पिकायला लागले होते. नवऱ्याचे मात्र अजूनही काळेभोर. सासूबाई कोरेगावजवळच्या गावात. त्यांना विजूताई आत्याबाई म्हणायच्या. वर्षातून दोनतीनदा गावी जाणं व्हायचं आणि आत्याबाईही अधूनमधून इकडं यायच्या. त्यामुळं दर पंधरवड्याला डाय.

"मूल झालं नाही आम्हाला," विजूताई म्हणाल्या. "आज ना उद्या होईल म्हणून म्हातारी अजून सोमवार धरते. तिला खरं वय कळलं तर म्हणेल, थोराड बायको केलीस, म्हणून वंश बुडाला. आणि मला त्याच्यावर बोलायला तोंड नाही. खरंखोटं देवाला ठाऊक." मग बस आली आणि त्या चढल्या. दारातूनच ओरडल्या, "कुणाला सांगू नकोस!"

जगतापभाऊ तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. शांत, सभ्य गृहस्थ. कामावरून आले की गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसायचे. चारचौघांत विजूताई त्यांना "अहो" म्हणायच्या, पण घाईत असल्या की तोंडातून "सदा" निघून जायचं आणि त्या स्वतःच दचकायच्या.

दिराच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा पहिला प्रकार घडला. लग्नाला सगळं गणगोत जमणार, म्हणून विजूताईंनी कुठल्याशा नव्या कंपनीचा डाय आणला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार वाजवलं ते फार हळू. उघडल्यावर मी घाबरलेच. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. कपाळ फुगलेलं. केसांच्या कडेनं पाणी झिरपत होतं. जगतापभाऊ पहिल्या पाळीला गेले होते.

मी त्यांना रिक्षात घालून वाशीला एका त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथंही बाकावर बसेनात. डोळे मिटलेले, एक हात भिंतीला लावून दवाखान्यात फेऱ्या. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी तपासून सांगितलं, की या काळ्या डायमधलं रसायन तुमच्या अंगाला आता चालत नाही. इतकी वर्षं चाललं, यापुढं चालणार नाही. पुन्हा लावलंत तर सूज घशात उतरेल आणि श्वास बंद होईल.

"बरं, पुढं काय?" विजूताईंनी विचारलं.

"पुढं काही नाही. केस पांढरे होऊ द्या. छान दिसतील."

"डॉक्टर, तुम्हाला काय जातंय सांगायला!"

लग्नाला जगतापभाऊ एकटेच गेले. बायकोला कावीळ झाली म्हणून सांगितलं. एका खोट्यावर आणखी एक चढलं. विजूताई घरात येरझाऱ्या घालत राहिल्या. भांगापासून पांढरं वर यायला लागलं, तसं त्यांचं चालणं आणखी वाढलं. कंपनीत डोक्याला रुमाल बांधून जायच्या.

मेंदी आणली ती खैरूननं. खैरून त्यांच्या कंपनीत पॅकिंगला होती. उरणच्या पलीकडं, मिठागरांच्या काठाला तिचं माहेर. परसाला मेंदीचंच कुंपण. तिनं पिशवीभर वाळलेला पाला आणून विजूताईंच्या ओट्यावर ओतला.

"डाय नको तर नको," ती म्हणाली. "आमची आजी मरंपर्यंत हीच लावत व्हती. काळे नाय व्हायचे, लाल व्हतील. पन पांढरे तर नाय दिसनार."

दोघींनी मिळून पाला कुटला, फडक्यातून चाळला, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात कालवून रात्रभर ठेवला. रविवारी सकाळी खैरूननं तो हिरवागार गोळा विजूताईंच्या डोक्यावर थापला. त्याआधी कानामागं ठिपका लावून एक दिवस वाट बघायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते विजूताईंनी कसंबसं पाळलं.

"आता तीन तास बसा गपचूप," खैरून म्हणाली.

"किती?"

"तीन. हिला घाई चालत नाय, बाय."

कुणी शिक्षा फर्मावल्यासारख्या विजूताई माझ्याकडं बघायला लागल्या. पंधरावीस मिनिटं त्या पाटावर बसल्या, मग उठल्या. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढली, वरून टॉवेल गुंडाळला आणि गच्चीवर गेल्या. तिथून खाली. मग भाजीबाजारात. ओघळ मानेवरून गाऊनच्या गळ्यात उतरत होते आणि भोवती ओल्या पाल्याचा, पावसात भिजलेल्या गवतासारखा वास. भाजीवाल्यानं विचारलं, "ताई, डोक्याला काय लागलं?" त्या म्हणाल्या, "मेंदी आहे, तुझी कोथिंबीर कशी दिली ते सांग." बाजारातली एक गाय मात्र त्यांचा टॉवेल हुंगत बरंच अंतर मागून आली.

केस धुतल्यावर आम्ही तिघी आरशासमोर उभ्या राहिलो. जिथं पांढरे होते तिथं निखाऱ्यासारखे लाल झाले होते, आणि जुन्या डायनं काळे झालेले टोकाला तसेच लोंबत होते. विजूताईंनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली.

"आगपेटीची काडी दिसतेय मी," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या. "कसं दिसतंय?"

जगतापभाऊंनी वर्तमानपत्र जरासं खाली केलं. "ठीक आहे," म्हणाले, आणि पुन्हा वर केलं.

कंपनीत त्यांना लाल दिवा म्हणायला लागले. टेलिफोनच्या बोर्डावर लाल दिवे लागतात ना, त्यावरून. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. बीट घालून पाहिलं, कॉफी घालून पाहिली, आवळा घातला. रंग कधी विटकरी व्हायचा, कधी जांभळट, काळा काही होत नव्हता. उशीचे अभ्रे, भिंत, दाराच्या कड्या, सगळीकडं तपकिरी बोटं उमटली. पण खाज नाही, सूज नाही. चांगलं वर्ष गेलं असेल असं. गावी जायचं त्या टाळत होत्या. दर वेळी जगतापभाऊंकडं नवी सबब.

मग निरोप आला की आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशन इकडंच करायचंय.

आत्याबाई आल्या. ठेंगण्या, काटक, नऊवारीतल्या. भिंत चाचपडत चालायच्या. त्यांना सगळं धुक्यात दिसायचं, लाल काय नि काळं काय. विजूताई त्यांचं सगळं मन लावून करत होत्या. जेवण भरवायच्या, हात धरून गच्चीवर न्यायच्या. "सून माझी गुनाची हाय, पन एका जागी ठरंना," आत्याबाई मला सांगायच्या, "बोलायला तोंड वळवावं तर ही गायब!" विजूताई स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि हसायच्या. पण ऑपरेशनचा दिवस जवळ यायला लागला, तसं त्यांचं हसणं थांबलं.

"आंधळी आहे तोवर माझं ठीक आहे," एकदा त्या माझ्याजवळ बोलून गेल्या आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "काय बोलले गं मी!"

ऑपरेशन झालं. आत्याबाईंना दवाखान्यातच ठेवलं होतं, जगतापभाऊ सोबतीला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघणार होती. त्या दुपारी विजूताई बाजारात गेल्या आणि कुठल्याशा टपरीवरून एक पाकीट घेऊन आल्या. वर हिरव्या पानांचं चित्र आणि नाव, काळी मेंदी. मला दाखवलं. "बघ, मेंदीच आहे. अख्खी हर्बल. अर्ध्या तासात काळे."

मी म्हटलं, "ताई, कानामागं लावून बघा आधी."

"वेळ कुठाय? उद्या पट्टी निघणार."

अर्धा तास व्हायच्या आत त्या माझ्या दारात होत्या. डोकं खाजवत, दोन्ही हातांनी. त्या पाकिटातल्या मेंदीला पाल्याचा वास नव्हता. डायचा वास होता. मी त्यांचं डोकं नळाखाली धरलं. धुता धुता त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठ सुजले. त्या काहीतरी बोलत होत्या, पण शब्द फुटत नव्हता. रिक्षात त्यांनी माझं मनगट असं आवळलं होतं, की बांगडी फुटली. वाशीच्या त्याच डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि रात्रभर ठेवून घेतलं. पाकीट बघून ते म्हणाले, "नाव मेंदीचं आहे, आत तेच रसायन. थोडा आणखी उशीर झाला असता तर..."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खैरून आणि मी विजूताईंना घरी आणलं. आत्याबाई आधीच आल्या होत्या. पलंगावर बसल्या होत्या, डोळ्यावर काळा चष्मा. आम्ही दारातून आत आलो तसा त्यांनी चष्मा वर केला.

"कोन ही बाई?"

विजूताई म्हणाल्या, "आत्याबाई, मी विजू."

म्हातारी उठली. जवळ आली. सुजलेल्या गालांना, फाटलेल्या ओठांना हात लावला. डोक्यावर काळे, लाल, पांढरे असे ठिगळठिगळ केस. "काय झालं तोंडाला?"

जगतापभाऊ म्हणाले, "आई, तिला जरा..."

"काही नाही," विजूताई मध्येच म्हणाल्या. एका दमात, उभ्या उभ्या त्यांनी सांगून टाकलं. "केस काळे करत होते मी. माझे पिकलेत कधीचे. मी सदापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. तुम्हाला दिसलं असतं, म्हणून लावलं."

खैरून आणि मी निघायला हवं होतं. पण विजूताईंनी माझा हात सोडला नव्हता. आत्याबाईंनी काळा चष्मा पुन्हा डोळ्यावर घेतला आणि तोंड मुलाकडं वळवलं.

"सदा, तुला ठावं व्हतं हे?"

"हो."

"आनि दोन वर्सानं ल्हान हाय, असं कुनी सांगितलं मला?"

"मी."

"हिनं न्हाई?"

"नाही. मीच."

"मग हिनं का म्हून डोक्यावर इख वतायचं? तू बोललास, तू निस्तरायचं. बायको फुगून मराया लागली आनि तू बसलास व्हय पेपर वाचत?"

जगतापभाऊंनी मान खाली घातली. ती बहुतेक टायपिंगच्या क्लासमध्ये घालायचे तशीच असावी. विजूताई घाईघाईनं म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका, माझीच..."

"तू गप," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्याशी मी बोलनार न्हाई. इतकी वर्सं सोमवार धरतीया मी. देवापुढं खोटंनाटं मागत बसली, आनि तुम्ही दोघं बघत व्हता." आणि त्यांचा आवाज फुटला. "सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुला?"

त्या खरंच बोलल्या नाहीत. पाणी हवं असलं तर मुलाला सांगायच्या. विजूताई डोळ्यांत औषध घालायला गेल्या की चेहरा वर करायच्या, पण तोंड मिटलेलं. विजूताईंना त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. "पुढं काय?" असं त्या मला विचारत राहायच्या. सोमवार आला तेव्हा मात्र आत्याबाईंनी सकाळीच मुलाकरवी भाकरी मागून घेतली. विजूताईंनी ती करून दिली आणि आमच्या घरी येऊन ढसाढसा रडल्या.

सूज पुरती उतरली आणि डॉक्टरांनी खैरूनच्या मेंदीला परवानगी दिली, त्या रविवारची गोष्ट. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गॅलरी दिसायची. बघते तर जगतापभाऊंच्या हातात लोखंडी कढई आणि दाढीचा जुना ब्रश. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, मनगटापर्यंत मेंदी. त्यांच्यापुढं विजूताई केस मोकळे सोडून येरझाऱ्या घालतायत, आणि भाऊ मागोमाग, ब्रश उगारून.

"विजू, जरा थांब."

"लावा ना, मी काय पळून चाललेय?"

"पळतच आहेस!"

त्या वळल्या की हेही वळायचे. एक फटका केसाला, एक कानाला, एक भिंतीला. दारात आत्याबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. किती तरी वेळ त्यांनी दम धरला. मग राहवेना.

"आरं बेंदराला बैल रंगवतोयस का काय? असा लावत्यात व्हय! आनि तू गं, खाली बस की मुकाट! इकडं आन ती कढई."

सुनेचा हात धरून त्यांनी तिला पायाशी बसवलं आणि स्वतः भांग पाडून मेंदी भरायला घेतली. विजूताई बसल्या होत्या. गुडघा मात्र सारखा हलत होता.

हे सगळं मिटल्यावर विजूताई जरा स्वस्थ होतील, असं मला वाटलं होतं. झाल्या नाहीत. कपाटं फिरतच राहिली. बस पुढच्याच थांब्यावर मिळायची. ती धाव त्या खोट्यामुळं नव्हतीच बहुधा, त्यांचा पिंडच तसा होता. फक्त आता दार वाजवून त्या "कुणाला सांगू नकोस" म्हणायच्या नाहीत. काळ्या मेंदीचं पाकीट कुणाच्या हातात दिसलं की भर बाजारात अडवायच्या, वास घे म्हणायच्या, ओठावरचा व्रण दाखवायच्या. टपरीवाल्याशी त्यांचं एवढं वाजलं, की त्यानं ती पाकिटं ठेवणंच बंद केलं. निदान दर्शनी भागात तरी.

आत्याबाई गावी गेल्या, परत आल्या, आणि मग इकडंच राहिल्या. दुखावलेलं सगळं पुसलं गेलं, असं मी म्हणणार नाही. एखाद्या सणावाराला म्हातारी गप्प होऊन बसायची आणि तिच्या भोवती विजूताईंच्या फेऱ्या वाढायच्या.

पुढं माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नाशिकला गेलो. सुरुवातीला फोन व्हायचे. विजूताई फोनवरही एका जागी नसायच्या, आवाज जवळ यायचा, लांब जायचा. हळूहळू तेही कमी झालं.

दोनेक वर्षांनी एका कामासाठी मी पुन्हा तिकडं गेले होते. तुर्भ्याच्या नाक्यावर माझी रिक्षा ट्रकांच्या गर्दीत अडकली. मेची दुपार, धुळीनं सगळं पिवळं झालेलं. शेजारी एक स्कूटर येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, पुढं सरकायची, मागं यायची, चालवणारी बाई सारखी मूठ पिळत होती. केस लाल, वाऱ्यानं विस्कटलेले, भांगाजवळ दोन बोटं पांढरं उघडं पडलेलं. मागं आत्याबाई एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, नऊवारीचा पदर तोंडावरून घट्ट गुंडाळलेला, दोन्ही हातांनी सुनेची कंबर धरलेली.

"आगं थांब की जरा!" म्हातारी ओरडत होती. "डाक्टर कुठं पळून चाललाय व्हय?"

"थांबलेच आहे, आत्याबाई!"

मी हाक मारली, "विजूताई!" पण ट्रकच्या हॉर्नमध्ये ती बुडाली. दोन ट्रकांच्या मधे जराशी फट दिसली, आणि विजूताईंनी त्यात स्कूटर घातली. म्हातारीची किंकाळी ऐकू आली. मग धुळीत ते लाल डोकं थोडा वेळ दिसत राहिलं, ट्रकांमधून वाट काढत, ठाण्याच्या दिशेनं.